डाव्या हाताची गाठ

नागभीड,
३ मे २००९

चि. नाहीदला वाजिदमामूचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. मेंदूला बाहेरूनच विजेचा अल्पसा प्रवाह देऊन निकामी हाताला पुन्हा शिकवण्याचा उद्योग तुमच्या रुग्णालयाने नागपुरात आरंभला आहे, हे वाचून या तालुक्यातील बहुधा एकमेव मुसलमान संस्कृत-अध्यापकाचे अंतःकरण भरून आले. सव्वीस वर्षे मी हाच प्रयोग विजेविना करीत आहे. भेद इतकाच की माझे उपकरण वेताचे होते आणि माझे निष्कर्ष अद्याप प्रसिद्ध झालेले नाहीत.

तू रुग्ण मागितलास; एक सादर करतो. बापूजी, वय एकसष्ट, जातीने ढिवर, धंद्याने मासेमार, वास्तव्य येथून दोन कोसांवर मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या वस्तीत. जानेवारीत लकवा झाला आणि डावा हात गेला. उजव्याने उर्वरित आयुष्य काढता येईल असे तुला वाटेल, आणि इतरत्र ते खरेही ठरले असते. परंतु या मनुष्यास डावाच हवा आहे.

त्याचा पुत्र धनराज तीन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आठवड्यात, त्याच तलावात बुडाला. घरी त्याने अर्धे विणलेले जाळे राहिले. त्या पाळीवरचा दंडक असा की, बुडालेल्याचे अपुरे जाळे घरच्या पुरुषाच्या हाताने पुरे करून पाण्यावर सोडावे. तोवर त्या घराने तलावात दुसरे जाळे टाकू नये. आणि तीन वर्षे ज्या घराचे जाळे पाण्यात पडले नाही, त्याची तलावावरची जागा दुसऱ्याकडे जाते. ही मुदत यंदाच्या पोळ्याच्या आठवड्यात संपते. मग बापूजी, त्याची पत्नी देवकाबाई आणि विधवा सून जया यांनी पाण्याकडे केवळ पाहत बसावे.

पेच पुढेच आहे. धनराज डावखुरा होता, म्हणून त्याच्या गाठी उलट्या फिरतात. बापूजीने उजव्या हाताने दोन ओळी विणून पाहिल्या, तर जाळे पीळ खाऊन वाकडे झाले. त्या उसवून त्याने डाव्या हाताला शिकवायला घेतले, आणि नेमका तोच हात गेला. याविषयी त्याचे भाष्य असे: "मास्तर, साठ वर्षं डाव्या हाताले काई काम नाई सांगतलं. एकदा सांगतलं, तं तो घर सोडूनच गेला."

शाळेस सुटी आहे. अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने मी त्यास घेऊन येतो. तूर्त तुझ्या आईला सलाम सांग, आणि भ्रमणध्वनीवर बोलावून घेऊ नकोस. त्या यंत्रावर बोललेले परत वाचता येत नाही.

तुझा,
वाजिदमामू

•

नागपूर,
११ मे २००९

मामू, अस्सलामु अलैकुम.

तुमचं पत्र अम्मीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अर्धं समजलं, बाकीचं वाजिदला भेटल्यावर विचारीन."

बापूजींना जरूर आणा. त्यांना आधीच सांगा की कवटी उघडायची नाही, सुई टोचायची नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला पट्ट्याने बांधायचे आणि एका लहान डबीतून वीस मिनिटं अगदी बारीक प्रवाह सोडायचा. सुरुवातीला मुंग्या आल्यासारखं वाटतं. त्याच वेळी हाताकडून सराव करून घ्यायचा. असे दहा दिवस.

हे का चालतं, तेही सांगते, कारण तुम्ही विचारल्याशिवाय राहणार नाही. मेंदूत गाबा नावाचं एक द्रव्य असतं. ते ब्रेकचं काम करतं. ते नसतं तर आपले हातपाय मनाला येईल तसे हलले असते. यंदाच परदेशात काही जणांनी माणसांना मोठ्या चुंबकाच्या यंत्रात झोपवून मोजलं, तर प्रवाहानंतर त्या जागचं गाबा थोडं उतरलेलं दिसलं. ब्रेक सैल झाला की नवीन हालचाल लवकर अंगात बसते, असा अंदाज आहे. अंदाजच आहे, मामू. बापूजींना वचन देऊ नका.

आणखी एक. अर्ध्या लोकांना खरा प्रवाह मिळतो आणि अर्ध्यांना फक्त सुरुवातीच्या मुंग्या, मग डबी बंद. कोणाला काय, ते बंद लिफाफ्यात असतं. मलाही माहीत नसतं. ज्यांना खोटा मिळाला, त्यांना नंतर खरा देतो.

तुलनेसाठी आम्हांला पन्नाशीची निरोगी, उजव्या हाताची माणसंही हवी आहेत. त्यांचा डावा हात चार बटणांच्या फळीवर ठरलेल्या क्रमाने बोटं आपटायला शिकतो. तुम्ही तिथे नुसते बसून राहण्यापेक्षा नाव देता का?

नाहीद

•

नागभीड,
९ जून २००९

चि. नाहीदला अनेक आशीर्वाद.

मस्तकावर ओले स्पंज धारण करून दहा दिवस मी ज्या सिंहासनावर विराजमान झालो, त्याची एक खुर्ची म्हणून तुम्ही नोंद केली असेल तर ती दुरुस्त करावी. लवणोदकाचे ओघळ कानात उतरत असता चार बटणांवर वामहस्ताची अंगुली नाचविणे, यास आमच्याकडे तपश्चर्या म्हणतात.

आमचा परतीचा प्रवास सुखरूप झाला. बापूजी आता डाव्या हाताने पाण्याचा पेला धरतो, पण ओठांपर्यंत नेताना अर्धा सांडतो. सुई मात्र धरवत नाही. दोरा गुंडाळलेली ती बांबूची सुई बोटांतून गळून पडते. तुला आठवत असेल, माझी पाळी चालू असता तो समोरच्या बाकावर धनराजच्या जाळ्याचे गाठोडे मांडीवर घेऊन बसत असे. गाडीतही ते तसेच होते. "ठेवा की खाली," असे म्हटले तर म्हणाला, "त्यानं घरी आढ्याले टांगून ठेवलं होतं. मी खाली कसं ठेवू?"

आता एक क्षुल्लक तक्रार. तुमच्या प्रयोगाने माझ्या डाव्या हातास स्वातंत्र्य प्राप्त झाले असून त्याची घोषणा तो वारंवार करीत असतो. भोजनास बसलो की ताटाच्या कडेवर टक-टक. वृत्तपत्र वाचताना गुडघ्यावर टक-टक. दोनदा, आणि मग स्वस्थ. गेल्या शुक्रवारी चहाच्या पुडक्याचा दोरा त्याने असा बांधून ठेवला की तुझ्या मामीस कात्री घ्यावी लागली. "ये क्या नया शौक है?" तिने विचारले. मी तिला म्हणालो की हे विज्ञान आहे. ती म्हणाली, विज्ञानाला सांगा, दोरा आता आखूड झाला.

हा दोष तुमच्या बटणफळीचा असल्यास कळव. तोवर मी त्यास 'श्रीमान वामहस्त' म्हणून संबोधतो आणि आमचे बरे चालले आहे.

वाजिदमामू

•

नागपूर,
१७ जून २००९

मामू,

तुमचं पत्र वाचून आधी हसले. मग तुमच्या सरावाची नोंद काढून पाहिली, आणि हसू थांबलं.

आमच्या क्रमात एकच बोट लागोपाठ दोनदा कुठेच येत नाही. मुद्दामच तसा बांधला आहे. म्हणजे तुमची टक-टक फळीवरची नाही.

प्रवाहाचा परिणाम तास-दीड तासात उतरतो. शिकलेलं राहतं, पण जे शिकवलं तेच राहतं. गाठ आम्ही कोणालाच शिकवली नव्हती. बापूजींनी तर तुमच्यासमोर एकही गाठ मारली नाही, त्यांना मारताच येत नव्हती.

भीती घालत नाही, पण विचारते. तुम्ही कधी कोणाला जाळं विणताना नीट बसून पाहिलं आहे का? आठवून लिहा. आणि डोकं दुखणं, झोप न येणं, असं काही असेल तर चेष्टेत न घालता सरळ लिहा.

नाहीद

•

नागभीड,
६ जुलै २००९

चि. नाहीदला अनेक आशीर्वाद.

मस्तक दुखत नाही आणि निद्रा उत्तम आहे. जाळी विणणाऱ्यांस न्याहाळत बसणे हा संस्कृताध्यापकाचा विषय नव्हे. सबब तुझ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी समजावे.

काल रविवार. बापूजीकडे जाऊन आलो. जे घडले ते क्रमाने लिहितो.

आम्ही दोघे ओसरीत बसलो होतो. देवकाबाई चूल पेटवत होती. जया सूप घेऊन तांदूळ निवडत होती. जाळ्याचे छिद्र मोजायची बांबूची पट्टी तेथे पडली होती. ती मी सहज उचलली असावी. पाऊस, भाताची रोवणी, छोट्या गाडीचा उशीर, अशा गोष्टी चालल्या होत्या. अकस्मात जयाचे सूप थांबले.

"बाबाजी," ती सासऱ्याला म्हणाली, माझ्याकडे न पाहता, "मास्तरले म्हणा, ते बंद करा."

"काय बंद करा?"

"ते. गुडघ्यावरचं."

मी खाली पाहिले. पट्टी माझ्या डाव्या हातात होती आणि ती गुडघ्यावर टक-टक करीत होती. दोनदा, मग स्वस्थ. पुन्हा दोनदा.

"ते तसंच करत," नवऱ्याचे नाव न घेता जया म्हणाली. "गाठ मारायच्या आंधी. हरेक गाठीच्या आंधी."

देवकाबाईने येऊन ती पट्टी माझ्या हातातून काढून घेतली, जशी लहान मुलाच्या हातातून सुरी घ्यावी. परंतु बापूजी म्हणाला, "राहू दे वो. गाठोडं आन."

"काऊन?"

"आन म्हटलो नं."

जाळे माझ्या मांडीवर ठेवण्यात आले आणि पट्टी परत हाती आली. येथपर्यंत मी, तुला ज्ञात असलेला वाजिदमामू, पूर्णपणे उपस्थित होतो. एखादे समयोचित वाक्यही जुळवीत होतो. मग श्रीमान वामहस्ताने सुई घेतली. पट्टी गुडघ्यावर दोनदा आपटली, दोरा करंगळीला एक वेढा देऊन ओढला आणि गाठ बसली. दुसरी बसली. चार गाठी झाल्या. कोणी परका जितक्या दुरून पाहील, तितक्याच दुरून मी त्या पाहत होतो.

बापूजीने डोळे मिटून त्या चार गाठींवरून उजव्या हाताची बोटे फिरवली. मग जुन्या गाठींवरून. मग पुन्हा या चारांवरून. बराच वेळ.

"हे माह्ये नाईत," तो म्हणाला. "मी त्याले शिकवलो, ते बी असे नाईत. करंगळीचा वेढा त्याचा सोताचा होता."

देवकाबाईने जाळ्यावर लुगडे टाकले. "मास्तर," ती शांतपणे म्हणाली, "तुमी आता घरी जा."

मी गेलो. वाटेत एकही विनोद सुचला नाही. या लक्षणाची तू नोंद घ्यावीस.

वाजिदमामू

•

नागपूर,
१६ जुलै २००९

मामू,

तुमच्या दोघांचे दिवस आणि मोजमापं पूर्ण झाली होती, म्हणून मी माझ्या मार्गदर्शक सरांना विनंती करून दोन्ही लिफाफे उघडून घेतले.

खरा प्रवाह तुम्हांला मिळाला. बापूजींना खोटा.

दहा दिवस ते माझ्यापुढे बसले, हात उचलायचा प्रयत्न करत, आणि डबी बंद होती. नियमाने हे बरोबर आहे. त्यांनी अंगठा दिला होता, मी सगळं समजावलं होतं. तरी दोन दिवस मला जेवण गेलं नाही. त्यांना सांगा, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात या, खरे दहा दिवस देते. पोळ्यापूर्वी हात विणण्याइतका होईल, असं मात्र मला वाटत नाही, आणि हेही त्यांना सांगा.

आता तुमच्याबद्दल. ब्रेक सैल झाला की फक्त नवंच आत बसतं, असं कशावरून? तळाशी दाबून ठेवलेलं वर येत नसेल कशावरून? हा माझा तर्क आहे, प्रबंधात लिहिता येणार नाही. पण वर यायला ते कधीतरी आत गेलेलं असावं लागतं. करंगळीचा वेढा तुम्ही कुठेतरी पाहिलेला आहे.

मागच्या वेळी तुम्ही एका ओळीत 'नाही' लिहिलंत. तुम्ही एका ओळीत कधीच काही लिहीत नाही. म्हणून पुन्हा विचारते.

नाहीद

•

नागभीड,
२२ ऑगस्ट २००९

चि. नाहीदला अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर सव्वा महिना विलंबाने देत आहे. ते प्रथम बापूजीस देणे आवश्यक होते.

धनराज माझा विद्यार्थी होता. आठवी आणि नववी, खिडकीजवळचा तिसरा बाक. तो डाव्या हाताने लिहू पाहत असे. मी त्या हातावर छडी मारीत असे, आणि त्यास मी सुसंस्कार समजत असे. दोन वर्षांत त्यास त्या हाताने एक अक्षरही लिहू दिले नाही. मग तो हात बाकाखाली गेला. तेथे तो सुतळीच्या तुकड्यावर गाठी मारी. आधी पट्टीने बाकाच्या पायावर टक-टक, मग करंगळीला वेढा, मग गाठ.

पाठांतराच्या तासाला वर्ग रूपे म्हणे आणि मी खुर्चीवरून त्याचा हात पाहत असे. तो इतका चांगला चाले की मी पाहतच राही. पाहून पुरे झाले की उठून मारीत असे. पाहणे आधी आणि मारणे मग. हा क्रम मी आजवर कोणासही सांगितलेला नाही.

जुलैच्या अखेरीस पाळीवर जाऊन हे सर्व बापूजीस सांगितले. लिफाफ्यांचेही सांगितले. तो पेला डाव्या हातात धरून ऐकत होता. म्हणाला, "मालूम हाय. पोरगा घरी सांगे."

"काय सांगे?"

"म्हणे, मास्तर बहुत पाह्यतेत."

"आणि मारण्याचे?"

"ते तं सगळेच मारत. ते काय सांगाचं?"

मग तो म्हणाला, "पोरीले लिहा, मले आता वीज नको. जे माह्या हातात याले पाह्यजे होतं, ते तुमच्या हातात गेलं. आता तुमी विणा."

मी सांगितले की दंडक घरच्या हाताचा आहे. देवकाबाई चुलीपाशी होती. तिने मान वर न करता विचारले, "गाठ कोणाची हाय?"

जयाने गाठोडे आणून माझ्यापुढे ठेवले आणि ती कामाला निघून गेली. ती टक-टक तिला ऐकायची नव्हती.

अकरा दिवस, शाळा सुटल्यावर, मी ओसरीत बसलो. 'मी' म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मी वाहतूक केली. हात नेला, बसवला, संध्याकाळी परत आणला. पाळीवरचे दोन वृद्ध तपासायला आले. त्यांनी नवे-जुने एकत्र चाचपले आणि सांधा शोधला. त्यांस तो सापडला नाही. एकाने विचारले, "कोणं विणलं?" बापूजी म्हणाला, "धनराजनं." वृद्धाने माझ्या हाताकडे पाहिले आणि जाळे बापूजीकडे परत दिले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाळे पाण्यावर सोडले. असे सोडलेले जाळे गोळा होऊन बुडते, असे सांगतात. हे उघडले. फेकल्यासारखे गोल पसरले, क्षणभर तसेच राहिले आणि मग एकदम खाली गेले. वारा नव्हता. देवकाबाई म्हणाली, "गेला." जया प्रथमच पाण्याजवळ आली.

काल बापूजीने तीन वर्षांनंतर आपले जाळे तलावात टाकले. उजव्याने फेकले, दोरीचे दुसरे टोक जयाने धरले. झिंगे आणि चार मरळ मासे मिळाले. जागा राहिली.

उद्यापासून रोजे. तुझ्या आईस सलाम.

वाजिदमामू

•

नागपूर,
३१ ऑगस्ट २००९

मामू,

पत्र अम्मीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वाजिद लहानपणी असाच बघत राहायचा." मी जास्त काही लिहीत नाही. बापूजींच्या जागेचं वाचून जिवाला बरं वाटलं.

टक-टक थांबली का? ईदनंतर एकदा या, हात तपासू.

आणि मामू, तुमच्या गेल्या पत्राचं शेवटचं पान कोणाकडून लिहून घेतलंत? 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' पासून अक्षर तुमचं नाही. मोठं, डावीकडे कललेलं, आणि ओळीवर हात फिरून शाई पसरलेली. भाषा मात्र तुमचीच आहे. मामींचं अक्षर मला माहीत आहे. ते हे नाही.

नाहीद

•

नागभीड,
७ सप्टेंबर २००९

चि. नाहीद,

ते पान मी कोणाकडूनही लिहवून घेतले नाही. तुझे पत्र येईपर्यंत मला ते ठाऊकही नव्हते.

टक-टक थांबली आहे. जाळे बुडाले त्या सकाळपासून हात गाठ विसरला. परवा तुझ्या मामीने पुडके आणि दोरा मुद्दाम समोर ठेवून पाहिले. मला साधी गाठही नीट मारता आली नाही. त्या बाबतीत तुझा तर्क मला मान्य आहे. पाहिलेले आत गेले, ब्रेक सैल झाला, ते वर आले, काम संपले, गेले.

परंतु अक्षराचे काय करावे, हे तू सांग. दोन वर्षांत मी त्यास त्या हाताने एक अक्षरही लिहू दिले नाही, हे तुला लिहिलेच आहे. त्याचे डावे अक्षर मी कधी पाहिलेले नाही. कोणीच पाहिलेले नाही. मग हे मी कोठून शिकलो?

तुमच्या प्रबंधात यास जागा नसल्यास आग्रह नाही. तूर्त रोज दुपारी, घरात सामसूम असता, मी त्यास एक पान लिहू देतो. सावकाश लिहितो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत. लाल शाईची दौत मी मेजावरून उचलून ठेवली आहे.

वाजिदमामू